रावांची पेटी

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या मोठ्याने मला चेष्टेने विचारलं, "आजी, घरातले सगळे फोटो साठवायला एक सर्व्हर जोडतोय. डिस्क कुठल्या घेऊ?" मी म्हटलं, दोन घे, पण एकाच दुकानातून घेऊ नकोस, आणि आणल्या आणल्या त्यांच्यावर भरवसा टाकू नकोस. तुम्ही दोघंही हसता हसता थांबलात. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या आजीला हे कुणी सांगितलं, असं धाकटीने विचारलं. मी विषय बदलला, कारण ते उत्तर कॉलवर मावणारं नव्हतं. इथे नीट लिहून पाठवते आहे. मराठी वाचताना अडलात तर आईला हाक मारा.

हे मला रावांनी सांगितलं. राव म्हणजे आमचे घरमालक. अड्यार नदीकाठच्या या घरात ते खाली राहत आणि आम्ही वर. धाकटीला ते आठवणार नाहीत. मोठ्याला कदाचित आठवतील, कारण जिन्यावरून सोडलेली त्याची खेळण्यातली मोटार त्यांनी उलटी करून तपासली होती आणि "हिचें मागचें चाक आधीं जाईल" असं गंभीरपणे सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत ते चाक गेलं, आणि तू त्यांच्यावरच रागावलास.

राव तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं की आपली मराठी त्यांना परकी वाटे. 'आहे'ला ते 'अहे' म्हणत, वाक्याचा शेवट तमिळसारखा वर नेत, आणि होकार द्यायचा तर 'सरि' म्हणत. मी सांगलीची. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकलं, तेव्हा एखादी जुनी पोथी इकडचं धोतर, वेष्टी, नेसून दारात उभी आहे असं वाटलं. त्यांना माझी मराठी घाईची वाटे. "टीचर, तुमची मराठी धांवते," ते म्हणत. "पडेल कुठें तरी."

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, एग्मोर स्टेशनला झाली होती. निवृत्त झाल्यावरही ते जगाकडे सिग्नलवाल्याच्याच नजरेने पाहत. चांगला सिग्नल कोणता, तर बिघडला की आपोआप लाल होतो तो. बिघडूनही हिरवा राहतो तो माणसं मारतो, हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल. त्यामुळे कुठलीही वस्तू घरात आणताना ती चालते कशी, हे ते विचारतच नसत. "मोडेल कशी, तें सांगा," म्हणत. कुकर, पंखा, पाण्याची मोटर, सगळ्यांना हाच प्रश्न. आम्ही घर पाहायला आलो तेव्हा तुमच्या आजोबांनाही त्यांनी विचारलं होतं, भांडण झालं तर तुम्ही बोलणं बंद करता की ओरडता? आजोबा म्हणाले, ही ओरडते, मी बंद करतो. राव म्हणाले, "सरि. दोन्ही मला खालीं कळेल." आणि घर आम्हाला दिलं.

माझ्या कोठीच्या खोलीत, तांदळाच्या डब्याशेजारी, तुम्ही जी काळी लोखंडी पेटी पाहिली आहे आणि जिला मोठा 'आजीचं डेटा सेंटर' म्हणतो, ती त्यांची. ती माझ्याकडे का, ते पुढे येईल. रोज सकाळी कॉफी झाली की राव आपला स्टीलचा टंबलर धुऊन, पुसून, हातात घेऊन वर येत. मी दार उघडं ठेवत असे. टंबलरचं तोंड पेटीच्या पाठीला लावायचं, बुडाला कान लावायचा, डोळे मिटायचे. आतल्या डिस्कचा आवाज त्यातून त्यांना स्पष्ट येई. "डावीकडची आज खोकते," असं कधी म्हणत, आणि दिवसभर अस्वस्थ राहत. बहुतेक दिवशी मात्र "बरें अहे" एवढंच म्हणून खाली जात. मला सुरुवातीला हे सगळं हास्यास्पद वाटे.

हास्यास्पद नव्हतं, कारण त्या पेटीवर मामींची संध्याकाळ चालत होती.

मामी म्हणजे रावांच्या पत्नी. त्यांना मूल नव्हतं. मामी बडबड्या, नीटनेटक्या, हाताला चव असलेल्या, आणि हळूहळू विसरत चाललेल्या. आधी गॅस, मग वार, मग दुपारचं जेवण झालं की नाही ते. दिवे लागायच्या सुमाराला त्या घाबऱ्या होत. हे घर आपलं नाही, आपल्याला तंजावरला जायचं आहे, कुणी तरी वाट पाहत आहे, असं म्हणत दाराशी जाऊन उभ्या राहत. एकदा रावांनी सहज टीव्हीवर जुने फोटो लावले, तर मामी येऊन बसल्या आणि एकेकाची नावं घेऊ लागल्या. हा माझा भाऊ. ही चित्ती, आईची धाकटी बहीण, हिला दम्याचा त्रास. हे आमच्या मागचं चाफ्याचं झाड. तासाभराने त्या शांतपणे जेवायला उठल्या. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला फोटो. एखाद्या दिवशी वायर सैल झाली आणि पडदा काळा राहिला, तर मामी रडत दाराशी जात आणि रावांचा हात झटकून देत. म्हणून राव पेटीला कान लावत. मोडणार हे त्यांना ठाऊकच होतं. फक्त संध्याकाळी मोडायला नको होती.

हे फोटो रावांनीच काढलेले. त्यांच्याकडे एक जुना, जड कॅमेरा होता आणि तो त्यांनी कधीही कुणाच्या हातात दिला नाही. तुमच्या आजोबांनी एकदा म्हटलं, राव, तुम्ही दोघं उभे राहा, मी काढतो. राव म्हणाले, दुसऱ्याच्या हातात गेला की फोकसची सवय मोडते. आणि आजोबांनाच मामींच्या शेजारी उभं करून फोटो काढला. अजून आहे तो.

हे सगळं सुरू व्हायच्या आधी, ज्या वर्षी नदी घरात शिरली, त्या वर्षी खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. राव आणि मामी आमच्याकडे वर होते. पाणी ओसरल्यावर आम्ही खाली गेलो, तर कपाटाच्या तळाला ठेवलेले आल्बम भिजून विटेसारखे घट्ट झाले होते. सगळ्यांत खाली लग्नाचा आल्बम होता, तो सगळ्यांत जड म्हणून. राव पानं सोडवू लागले की चेहरे समोरच्या पानाला चिकटून निघून येत. दोन दिवसांनी त्यांनी तो प्रयत्न सोडला. पण त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलेल्या होत्या, त्या कोरड्या राहिल्या. "टीचर, जोडी होती म्हणून वांचलें," ते म्हणाले. तेव्हापासून त्यांचा नियम झाला: ज्याला जोडी नाही, ते घरात नाहीच असं समजावं.

निगेटिव्हवरून सगळे फोटो त्यांनी संगणकात घेतले, एकेक पट्टी पुसून, खिडकीशी धरून. आणि मग ते कायमचे ठेवायचे कशात, याचा शोध सुरू झाला. 

संगणकाच्या सामानाच्या बाजारात, रिची स्ट्रीटला ते मला घेऊन गेले, कारण दोघांनी ऐकलेलं विसरत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या दुकानातल्या मुलाने रंगीत दिवे लुकलुकणारी एक काचेची पेटी दाखवली. दिवे कशाला, असं रावांनी तमिळमध्ये विचारलं. मुलगा म्हणाला, छान दिसतं, अंकल, आणि मशीन एकदम फास्ट. राव म्हणाले, आमच्या घरी कुणाला घाई नाही; हे मोडेल कसं ते सांग. तो म्हणाला, मोडणारच नाही, वॉरंटी आहे. राव माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "वॉरंटी डिस्कची अहे. फोटोंची नाही." आणि आम्ही बाहेर पडलो. असं दुकान-दुकान करत दुपार झाली. शेवटी एका पोटमाळ्यावरच्या दुकानात म्हातारा मालक म्हणाला, डिस्क आहे म्हणजे जाणारच सार, म्हणून तर दोन घ्यायच्या. रावांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याच्याकडून एक डिस्क घेतली आणि दुसरी घ्यायला दुसऱ्या दुकानाचा पत्ता त्यालाच विचारला. तो बिचारा दुखावला. रावांनी त्याला समजावलं, की एका खोक्यातून आलेल्या डिस्क एका दिवशी जन्मलेल्या असतात, त्यांचा दोषही एक असतो, आणि एक गेली की दुसरी तिच्या मागे जाते. मालक म्हणाला, सार, तुम्ही डिस्क घेताय की सोयरीक जुळवताय? राव म्हणाले, सोयरिकीत इतकं पाहिलं नव्हतं.

पेटी त्यांनी एका ऑफिसने काढून टाकलेली, जुनी, जाड पत्र्याची घेतली. नवी का नाही, विचारलं तर म्हणाले, हिचे बालपणीचे आजार होऊन गेलेत. स्मृती, म्हणजे पेटीतली मेमरी, स्वतःची चूक स्वतः पकडेल अशा जातीची घेतली. डिस्क सावकाश फिरणाऱ्या घेतल्या, कारण सावकाश फिरतं ते कमी तापतं, आणि आपल्याकडचा मे महिना त्यांना ठाऊक होता. पंखे दोन. वीज गेली तर धरायला बॅटरी. समुद्राच्या खाऱ्या हवेने तारांची टोकं गंजतात म्हणून ती दर काही दिवसांनी पुसायची. आणि नव्या डिस्कला आधी महिनाभर उमेदवारी. माझ्या जेवणाच्या टेबलावर ती दिवसरात्र चालू असे. पूर्ण भरायची, पूर्ण वाचायची, पुन्हा भरायची. त्यात टिकली तरच फोटोंपर्यंत प्रवेश. एक डिस्क उमेदवारीतच कुरकुरायला लागली, तेव्हा त्यांनी ती परत केली आणि मला म्हणाले की ही प्रामाणिक होती, आधीच सांगून टाकलं.

पेटी खाली ठेवायला ते तयार नव्हते, कारण नदीला घर माहीत झालं होतं. म्हणून ती माझ्या कोठीत आली, उत्तरेच्या थंड भिंतीशी, आणि तिथून एक केबल भिंतीवरून खाली त्यांच्या टीव्हीपर्यंत. शिवाय सगळ्याची तिसरी प्रत तंजावरला, त्यांच्या धाकट्या बहिणीकडे. दर पोंगलच्या आधी राव ती डिस्क मऊ पंच्यात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून, एग्मोरहून गाडीने घेऊन जात, आणि गाडी हादरते म्हणून सबंध प्रवासात डबा मांडीवर धरत. शेजारचे प्रवासी जेवायची वाट पाहत असत म्हणे, हे आता डबा कधी उघडतात.

एका संध्याकाळी त्यांनी मला शिकवायचं म्हणून कवायत घेतली. खाली मामी फोटो पाहत बसल्या होत्या. वर रावांनी चालू पेटीतून एक डिस्क सरळ ओढून बाहेर काढली. ते जिन्याच्या कठड्याशी जाऊन कान देऊन उभे राहिले. खालून मामींचा आवाज येतच होता, ही चित्ती, हिला दम्याचा त्रास. चित्र थांबलं नव्हतं. "पाहा," राव म्हणाले, "तिला कळलें सुद्धा नाही." मग माझ्याकडून डिस्क परत बसवून घेतली. त्यांना इतकं आनंदी मी फार कमी वेळा पाहिलं.

त्यांच्या घरात मोडकं काही फेकत नसत. जळालेला पॉवर सप्लाय, अडकलेला पंखा, फुटकी बरणीसुद्धा. "मोडलेलें ठेवावें. कसें मोडलें तें कळतें."

मामींच्या डॉक्टरांनाही त्यांनी आपला प्रश्न विचारला होता. मी बरोबर होते, दोघांनी ऐकावं म्हणून. डॉक्टर तरुण होता. आजाराचं नाव सांगत होता, गोळ्यांबद्दल बोलत होता. राव मध्येच म्हणाले, हे मोडणार कसं ते सांगा. आधी काय जाईल, शेवटी काय राहील? डॉक्टर म्हणाला, साधारणपणे अलीकडचं आधी जातं, जुनं सगळ्यांत शेवटी. राव म्हणाले, सरि. घरी आल्यावर त्यांनी टीव्हीवर लागणारे फोटो बदलले. अलीकडचे काढून टाकले. दर काही महिन्यांनी ते अजून थोडे मागे सरकत. आम्ही या घरात आल्यानंतरचे फोटो असे एके दिवशी निघून गेले. मी त्या संध्याकाळी खाली गेले तर मामींनी मला अगत्याने बसा म्हटलं आणि रावांना हळूच विचारलं, ह्या कोण? राव म्हणाले, टीचर. मामींनी मान डोलावली. त्यानंतर मी रोज नव्याने टीचर होत असे.

पण रावांना रात्रंदिवस खात होती ती गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. मामी भावाचं नाव घेत होत्या, चित्तीचं घेत होत्या, शेजारणीच्या गाईचंसुद्धा घेत होत्या. जोवर नाव येतं तोवर ते माणूस तिच्यात आहे, एवढा हिशेब त्यांना जमत होता. पण नवऱ्याचं नाव मामींनी लग्नापासून कधी उच्चारलं नव्हतं. त्या 'ते' म्हणत. ते आले, ते जेवले, ते रागावले. तुमच्या पिढीला हे गमतीचं वाटेल, आमच्या घरांत ती रीतच होती. "टीचर," राव म्हणाले, "माझें नांव तिच्याकडे अहे कीं गेलें, हें मला कळायचें कसें? होतें तेव्हां सुद्धा तिनें कधीं घेतलें नाही."

बिघडला तरी लाल न होणारा सिग्नल त्यांच्याच घरात होता.

मी म्हटलं, आमच्याकडे उखाण्यात नाव घेतात, संक्रांतीला मी प्रयत्न करते. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि माझ्यासारखीने हळदीकुंकवाच्या भानगडीत पडू नये असं काही जण म्हणत. मी ते कधी मानलं नाही. तिळगूळ घेऊन खाली गेले. राव ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात, दाराआड उभे राहिले. मी मामींना कुंकू लावलं आणि सांगितलं, की आमच्या गावाकडे ओवी जुळवून नवऱ्याचं नाव घेतात, आधी मी घेते. सांगलीची कृष्णा आणि इथला समुद्र असं काहीतरी यमक मी जुळवलं आणि त्यात तुमच्या आजोबांचं नाव घेतलं. मामी लहान मुलीसारख्या हसल्या, पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, आता तुम्ही.

मामी गंभीर झाल्या. माझा हात हातात घेतला आणि मला समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "तुमचे गेले, तुम्ही नांव घ्या. माझे अहेत. मी घेतलें तर त्यांचें आयुष्य कमी होईल."

मी आत गेले तेव्हा राव ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी मामींसाठी कॉफी गाळली, फेसाळेपर्यंत वरखाली ओतली, आणि ती बाहेर नेताना म्हणाले, "राहूं दे, टीचर. ती काळजी घेते माझी." त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. नाव तिच्याकडे होतं की नाही, हे त्यांना कळलं नाही ते नाहीच.

ते गेले तो दिवस अगदी साधा होता. सकाळी टंबलर घेऊन वर आले, कान लावला, बरें अहे म्हणाले. खाली गेले, मामींची वेणी घातली, व्हरांड्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसले, आणि तसेच बसून राहिले. दुपारी मामी मला जिन्याखालून सांगत होत्या की ते आज फार वेळ वाचतात. आदल्या दिवशी दुखलं-खुपलं काही नव्हतं. इतरांकडून त्यांनी जी अपेक्षा केली, आधी सांगून मोडण्याची, ती स्वतःच्या बाबतीत पुरी करता आली नाही. पेटीतल्या प्रत्येक भागाची जोडी माझ्या कोठीत नव्या कागदात गुंडाळून ठेवलेली होती. त्यांची नव्हती.

तंजावरची बहीण येऊन राहिली. शांत, कामाची बाई आहे. अजून इथेच आहे. तिने पहिल्या दिवशी मामींना जवळ बसवून सांगितलं, दादा गेले. मामींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ते जेवले कां? दुसऱ्यांदा सांगायचं धाडस आम्हा दोघींना झालं नाही. संध्याकाळी मी खाली जाऊन फोटो लावू लागले. मामी पाहत, नावं घेत, पण मध्येच मागे वळून रिकाम्या खुर्चीकडे बघत आणि विचारत, "ते कुठें?" आम्ही म्हणायचो, बाहेर गेलेत. मग दाराशी जाणं पुन्हा सुरू झालं. फोटो चालू असतानाच.

बहीण म्हणाली, दादाचाच फोटो दाखवू या. आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं की तो नाहीच.

माझ्या फोनमध्ये राव होते, आधार कार्डावर होते. मामींनी ते चित्र पाहिलं आणि सभ्यपणे विचारलं, हे म्हातारे कोण? त्यांच्या मनातले 'ते' तरुण होते. तरुण राव फक्त त्या भिजलेल्या लग्नाच्या आल्बममध्ये होते. तो स्टुडिओवाल्याने काढलेला, त्याच्या निगेटिव्ह स्टुडिओकडे, आणि स्टुडिओ कधीचाच बंद. बाकी सगळे फोटो त्यांनी काढलेले. आम्ही दोघी टीव्हीसमोर बसून सगळे पाहत गेलो. मामी देवळासमोर, मामी चाफ्याखाली, मामी उटीच्या थंडीत त्यांचाच कोट घालून. तीन-तीन ठिकाणी सुरक्षित ठेवलेलं अख्खं आयुष्य, आणि ज्याने ठेवलं तो एकाही फोटोत नाही. कॅमेरा कुणाच्या हातात दिला असता तर. पण दिला नाही.

शेवटी 'खराब' नावाचा एक कप्पा सापडला. मोडलेलं फेकायचं नाही, या नियमाने त्यांनी फसलेले फोटोही जपले होते. हललेले, डोकी कापलेले, भिंगावर बोट आलेले. त्यात एक बेझंटनगरच्या समुद्रावरचा होता. मामी विशी-बाविशीच्या, वाळूत उभ्या, ऊन तोंडावर आल्यामुळे डोळे बारीक केलेले. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून, समुद्रावरून येतं आहे, सकाळचं असावं. त्यामुळे त्याची लांब सावली वाळूवरून थेट मामींच्या पायांपर्यंत गेली आहे. बारीक अंगाची सावली, दोन्ही कोपरं वर उचललेली, चेहऱ्याशी कॅमेरा धरलेला. रावांच्या हिशेबाने ही चूक. म्हणून तो संध्याकाळी कधी लागलाच नव्हता.

मी तो पडद्यावर तसाच ठेवला. मामी दाराशी होत्या. बहीण त्यांना हाताला धरून घेऊन आली. मामींनी स्वतःकडे पाहिलंच नाही. त्या सरळ टीव्हीजवळ गेल्या आणि त्या सावलीवर, जिथे डोकं होतं तिथे, चार बोटं टेकवली. आम्हाला वाटलं आता म्हणतील, ते.

मामींनी रावांचं नाव घेतलं. पूर्ण, स्पष्ट, घराण्याच्या नावासकट, जसं लग्नपत्रिकेत छापलं असेल तसं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. बाहेर गेलेत, असं आता मामींना कुणी सांगायचं कारण उरलं नव्हतं. त्या खुर्चीत येऊन बसल्या, पडद्याला लावलेली बोटं पदराने पुसली आणि म्हणाल्या, "सरि, टीचर. पुढचा लावा."

त्या दिवसापासून त्या दाराशी गेल्या नाहीत. नावही पुन्हा घेतलेलं नाही, आणि ते मीही इथे लिहीत नाही. मोठ्या, तुला डिस्कबद्दल आणखी विचारायचं असेल तर सकाळी फोन कर. तेव्हा मी टंबलर धुऊन कोठीत जाते.

तुमची,
आजी